मेथीपासून सुरुवात कर

आधी हे एवढं ऐक, मग बाकीचं ऐकलं नाहीस तरी चालेल. तुझ्या हातून काही चुकलेलं नाही. तू घागर उचललीस म्हणून हे झालं नाही, विट्याला एसटीनं गेलीस म्हणून नाही, पपईची फोड खाल्लीस म्हणून नाही आणि ग्रहणात विळी हातात धरलीस म्हणूनही नाही. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ टिकत नाही, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा कारण गर्भाच्या गुणसूत्रांत असतं. गर्भ धरतो त्याच सुमाराला ती जुळणी बिघडलेली असते. पुढं आईनं काय केलं नि काय टाळलं, याचा त्याच्याशी संबंध उरत नाही. दिवस गेल्याचं कळलेल्या शंभरजणींपैकी दहा ते वीसजणींच्या वाट्याला हे येतं. म्हणजे आपल्या गल्लीतसुद्धा अशा कितीतरी असतील बघ. त्या बोलत नाहीत, एवढंच. एखादी म्हातारी ‘थोरल्याच्या आधी एक राहिलं नव्हतं’ असं म्हणते आणि लगेच भाकरीच्या पिठाचं काहीतरी काढते. ते एक वाक्य तिनं चाळीस वर्षं जपून ठेवलेलं असतं.

गौरीच्या हळदीकुंकवाला तू आली नाहीस, बरं केलंस. बायका ओटी भरताना काय बोलतात आणि कशाकडं बघतात, हे मला ठाऊक आहे. यंदा नाही आलीस म्हणून गौर रागावत नाही. सासूबाईंना मी सांगितलंय, तू त्याची काळजी करू नकोस.

पण परवा फोनवर तू म्हणालीस ना, ‘ताई, हात कशाला लावूच वाटत नाही, दिवस नुसता समोर येऊन बसतो’, ते माझ्या मनातून जाईना. म्हणून आज सगळं बोलून टाकते. तुझ्या घराच्या मागं परडं आहे. धुणं वाळत घालायची जागा आणि पलीकडं दगडगोट्यांचा, गवत माजलेला तुकडा. तिथं जात जा. रोज सकाळी, चहा झाला की. पंधरा-वीस मिनिटं पुरे.

‘मन रमव’ म्हणून सांगत नाही हं. ‘मन रमव’ हे तुला सगळ्यांनीच सांगून झालंय, आणि सांगणारा निघून गेला की मन तिथंच असतं. मी सांगते त्याचं कारण वेगळं आहे, आणि ते आपल्या आटपाडीतच आहे, तुझ्या घरापासून फार लांब नाही.

स्वतंत्रपूर तू ऐकलंयस. एसटीतून जाताना कुणीतरी बोट दाखवून ‘ती बघ कैद्यांची वसाहत’ म्हणतं, आणि आपण खिडकीतून भिंत शोधतो. भिंत नाहीच तिथं. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी म्हणजे मोठा कलावंत माणूस, स्वतः चित्रं काढायचे, सूर्यनमस्काराचा तर त्यांनी ध्यासच घेतला होता. त्यांनी १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्यानं आपल्या रयतेला राज्यकारभार देऊन टाकला. त्याच वर्षी स्वतंत्रपूर उभं राहिलं. कल्पना मॉरिस फ्रीडमन यांची. हा पोलंडचा इंजिनिअर बंगळुरात नोकरीला होता, ती सोडून गांधीजींच्या माणसांत आला आणि भारतानंद झाला. राजेसाहेबांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत यांच्याशी त्यांचा स्नेह. फ्रीडमन यांचं म्हणणं असं की खून करून जन्मठेप भोगणाऱ्या माणसाला कोठडीत घालून काही होत नाही. त्याला जमीन द्या, बायकापोरं त्याच्याजवळ राहू द्या, बेडी काढा, कुलूप लावू नका. संस्थानानं ते ऐकलं. आणि जमीन कुठली दिली, तर आपल्या माणदेशातली! जिथं वर्षाला पाचशे मिलिमीटरसुद्धा पाऊस नाही आणि टिकाव मारला की मुरूम लागतो, तिथली. नाव ठेवलं स्वतंत्रपूर. १९४८ ला संस्थानं विलीन झाली, राजे गेले, पण ती वसाहत कारागृह खात्याकडं आजही चालू आहे.

पुढं १९५७ साली व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला, तो याच प्रयोगावरून. तुरुंगाचा अधिकारी सहा कैद्यांना घेऊन ओसाड माळावर जातो आणि तिथं भाजीपाला पिकवतात, अशी गोष्ट. कथा-पटकथा गदिमांची, म्हणजे आपल्याच तालुक्यातली. जन्म शेटफळ्याचा, घर माडगूळचं. दुसऱ्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्या सिनेमाला बक्षीस मिळालं. मला राहून राहून वाटतं, माणदेशातलं मुरमाड रान ज्यानं लहानपणी अनवाणी तुडवलं, त्यालाच ती पटकथा सुचायची.

आता हे तुला का सांगितलं? त्या माणसांच्या मनात काय चालत असेल, याचा विचार कर. ‘माझ्या हातानं झालं.’ आणि त्यांच्या बाबतीत ते खरं होतं. तरीही कुणीतरी त्यांना म्हणालं, हे खुरपं घे, ही जमीन तुझी, मी कुलूप लावत नाही. त्यांच्याकडून आधी कबुलीजबाब घेतला नाही, कीर्तन ऐकवलं नाही, ‘आधी सुधार, मग जमीन’ असं म्हटलं नाही. भरवसा आधी दिला. रोज उठून वाफ्याला पाणी द्यायचं, कारण नाही दिलं तर ते वाळणार, आणि इथून निघून जायला तर वाट मोकळी आहे. तरी माणूस पाणी द्यायला थांबतो. अशा शंभर सकाळी गेल्या की त्याला स्वतःविषयी एक नवी गोष्ट कळत असणार: माझ्या हातानं वाढतं पण.

आणि तू तर कुठलाच गुन्हा केलेला नाहीस गं. तरी गेले दोन महिने स्वतःला कोठडीत घालून बसलीयस. खोलीची खिडकीसुद्धा उघडत नाहीस, हे तुझ्या जाऊबाईंनी मला सांगितलं. तुझ्या हातांवरचा तुझा भरवसा गेलाय, मला तेवढंच दिसतं. तो भरवसा माझ्या बोलण्यानं परत येणार नाही. गुणसूत्रांचं मी वर सांगितलं, ते तुझ्या डोक्याला पटलं असेल. हातांना पटायला हातांनाच काहीतरी करावं लागतं. परड्यात जा म्हणते ती यासाठी.

आणखी एक गोष्ट बोलायची आहे, ती थोडी रागानं बोलते. तुझे चुलतसासरे डाळिंबवाले. ते तुला म्हणाले की डाळिंबाला ताण दिल्याशिवाय फूल येत नाही, पोरी, हा देवानं दिलेला ताणच समज. मनानं चांगलाच माणूस तो, पण हे बोलणं मला सोसलं नाही. तू ते मनात धरून बसलीयस म्हणून त्यांच्याच बागेतलं सांगते. ताण कधी देतात? तोडणी झाली की झाडाला आधी विश्रांती असते. दोन-तीन महिने नुसतं खाऊपिऊ घालायचं, शेणखत, पाणी, काही मागायचं नाही. झाड भरलं, फांदीत जोर आला, की मग मृग, हस्त नाहीतर आंबे बहार ठरवून पाणी तोडतात. पानं पिवळी पडतात, गळतात. तेव्हा बागवाला रोज बागेत फिरत असतो, काडी वाकवून बघतो, जमीन हलकी का भारी ते बघून दिवस मोजतो, आणि वेळेवर ताण तोडतो. तेल्या रोगानं खाल्लेल्या बागेला कुणी ताण देतं का? मर लागलेल्या झाडाला देतं का? कोवळ्या झाडाला तर पहिली दोन वर्षं बहारच धरत नाहीत. आपण होऊन फूल आलं तरी खुडून टाकतात, कारण झाड आधी अंगानं वाढलं पाहिजे. चुलतसासऱ्यांना हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. परतीच्या पावसानं बागा गेल्या त्या सालात त्यांनीच झाडं नुसती जगवली, बहार सोडून दिला. तेव्हा त्यांच्या शब्दाला धरून एवढंच म्हणते की तुझी आता विश्रांतीची वेळ आहे. फुलायचं कुणी काढलं तर उठून परड्यात जा.

बाईची आणि जमिनीची तुलना करायची खोड आपल्यात फार आहे. कूस, बी, पेरणी, सगळं एकाच सुरात बोलतात. तू जमीन नाहीस. तू माती हातात घेणारी बाई आहेस. दोन्हींत फार फरक आहे आणि तो परड्यात उकिडवं बसलीस की तुझा तुलाच कळेल.

बरं, कामाचं बोलू.

पहिलं म्हणजे झाड लावू नकोस. बाळाच्या नावानं एक आंब्याचं कलम लावावं, असं तुझ्या मनात आलंय, मला कळलं. ऐक माझं, इतक्यात नको. हा कोकण नाही. इथं वैशाखात काय होतं ते तुला माहीत आहे. दोन दिवस पाणी चुकलं, एखादी शेळी आत आली, की कलम गेलं. आणि ते गेलं तर तू दुसऱ्यांदा रडशील, तेही ‘माझ्या हाताला यश नाही’ असं म्हणत. दोन-तीन वर्षांनी, मन घट्ट झालं, पाण्याची सोय लागली, की लाव खुशाल. तेव्हा मीही खड्डा काढायला येते.

आता मेथी टाक. मेथीसारखी समजूतदार भाजी नाही. दाणे रात्री भिजत घाल, सकाळी फडक्यावर पसरून पाणी निथळू दे. तीन हात लांब, दोन हात रुंद असा एक वाफा, त्याहून मोठा करायचा नाही. माती खुरप्यानं वीतभर भुसभुशीत करायची, गोटे वेचायचे. गोटे वेचण्याचं काम कंटाळवाणं वाटेल, पण माझ्या मते सगळ्यांत औषधी तेच आहे. डोकं रिकामं होतं आणि बाजूला ढीग वाढताना दिसतो. मग दाणे फोकून हातानं वरची माती हलवायची, झारीनं पाणी. चौथ्या-पाचव्या दिवशी हिरवं दिसतं. महिन्याभरात भाजी उपटून तव्यावर.

मेथीच का, तर ती मूठभर टाकायची असते. त्यातले काही दाणे उगवतात, काही नाहीत, काही चिमण्या नेतात. एकेका दाण्याचा हिशोब ठेवता येत नाही, आणि तुला सध्या हिशोब न ठेवायची सवय लागली पाहिजे. तू गेले दोन महिने दिवस मोजतेयस. आज चौथा महिना लागला असता, आज पाचवा. मोज, मी थांबवत नाही, थांबवून थांबतही नाही. पण त्याच्या शेजारी मेथीचेही दिवस मोजले जाऊ देत.

आपल्याकडचा भरवशाचा पाऊस हाच, भाद्रपद-आश्विनातला. आता जमिनीत ओल आहे तोवर शेवग्याची एक फांदीही खोच. मनगटाएवढी जाड, तीन-चार फुटांची, मागल्या आळीतल्या झाडाची मागून आण. हातभर खोल खड्डा, आणि वरच्या कापलेल्या तोंडाला शेण थापायचं म्हणजे ते वाळत नाही. शेवगा चिवट असतो, त्याला लाड लागत नाहीत. आणि उद्या वरची पानं-शेंगा भाजीला, आमटीला येतात. रक्त कमी आहे म्हणाल्या ना डॉक्टर? त्यांच्या गोळ्या चुकवू नकोस, आणि जोडीला शेवग्याचा पाला ताटात असू दे.

पाण्याचं म्हणशील तर टेंभू योजनेचं पाणी तालुक्यात आलं म्हणून आपण विसरायला लागलोय, पण परड्यापर्यंत कालवा येत नाही. कृष्णेचं पाणी इथवर चढायला लोकांना किती वर्षं रस्त्यावर बसावं लागलं! नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीत पाणी परिषदा भरवल्या, त्यांना आपल्या घरातल्या बायका भाकरी बांधून जायच्या. तेव्हा पाण्याची कदर राख. तांदूळ-डाळ, भाज्या धुतलेलं पाणी मेथीला. भांड्यांचं साबणाचं पाणी पालेभाजीला नको, ते शेवग्याच्या आळ्यात सोडायचं. आणि कुंभाराकडून रंग न दिलेला, पाझरणारा एक माठ आण. वाफ्याच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरायचा, भरायचा, वर झाकणी ठेवायची, नाहीतर डास होतील. माठ आपला हळूहळू पाझरत राहतो, मुळं पाण्याच्या वासानं त्याच्याकडं येतात. तू एखादा दिवस उठली नाहीस तरी भाजी मरत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण असे दिवस येणार आहेत. पाळी येईल त्या दिवशी उठवणार नाही. जावेचं डोहाळजेवण असेल त्या दिवशी उठवणार नाही. नको उठूस. माठ बघेल.

जड काही उचलायचं नाही, घमेलं नाही, बादली नाही. आधी डॉक्टरांना विचार की वाकायला, उकिडवं बसायला चालेल का. त्या हो म्हणाल्या की मगच खुरपं धर. हाताला कुठं चीर असेल तर माती लागू देऊ नकोस, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते दवाखान्याच्या कागदांत बघ, काम झालं की साबणानं हात धू. ताण आणि विश्रांती यावर एवढं बोलले आणि तुला मुरूम उपसायला लावला, असं व्हायला नको.

परड्याचा आणखी एक उपयोग आहे, तो बायकांनाच कळतो. घरात तू गप्प बसलीस की चारजणी विचारतात, काय झालं. डोळे पुसलेस की सासूबाई कावऱ्याबावऱ्या होतात, त्यांनाही कळत नाही काय करावं. पण वाफ्यावर वाकून बसलेल्या बाईला कुणी काही विचारत नाही. ती कामात असते. आई गेली तेव्हा मला हे कळलं. समाचाराला माणसं यायची, तेच तेच विचारायची, आणि मी ‘अबोलीला पाणी घालून येते’ म्हणून मागं जायची. तिच्या हातची अबोली. तिथं हवं तेवढं रडून घेतलं, कुणी हटकलं नाही. आपल्या आजीपणजीला हीच जागा जात्यावर होती. पहाटे दळताना मनातलं ओवीत घालून टाकायच्या. हादग्याच्या गाण्यांत बघ, सासरची किती गाऱ्हाणी भरलीत, आणि पोरी ती फेर धरून हसत म्हणतात. जाती गेली, मनातलं काढायची जागाही त्यांच्याबरोबर गेली. गिरणीत दळण टाकून येताना कुणी ओवी म्हणत नाही.

झाडाझुडपाजवळ माणूस सावरतो, हे अभ्यास करणाऱ्यांनीही तपासून बघितलंय. अमेरिकेत रॉजर उलरिच नावाच्या संशोधकानं पेनसिल्व्हेनियातल्या एका इस्पितळाचे जुने कागद काढले. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांना खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांना विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले, आणि दुखणं दाबायची जालीम औषधंही त्यांना कमी लागली. १९८४ साली ते ‘सायन्स’ मासिकात छापून आलं. आणि त्यांनी झाडं नुसती बघितली होती, पाणी घालायलाही कुणी उठलं नव्हतं. म्हणून म्हणते, आज दुसरं काही झालं नाही तरी ती खिडकी तेवढी उघड.

घरातले आता हिशोब मांडतील, त्याची तयारी ठेव. ‘दहा रुपयाला जुडी मिळते, कशाला एवढा खटाटोप?’ कुणीतरी म्हणणारच. उत्तर द्यायला बसू नकोस. आणि तूही परड्याला कामाच्या यादीत बसवू नकोस. आज निंदलं नाही, उद्या खत घालायचं राहिलं, असं स्वतःलाच ओरडायला लागलीस तर परडं म्हणजे दुसरी सासू होईल. एक वाफा आणि एक फांदी. दिवाळीपर्यंत तिसरं काही नको. मेथीची पहिली जुडी कुणाला द्यायची ते तूच ठरव. नाही दिलीस कुणाला तरी चालेल, तू आणि भाकरी.

कालनिर्णयवर दुधाचे खाडे मांडतेस ना, त्याच चौकोनात एखादा शब्द लिहीत जा. ‘दाणे टाकले.’ ‘उगवली.’ ‘मावा पडला.’ ‘आज गेले नाही.’ ‘आज फार रडले.’ वही करू नकोस, वही केली की छान छान लिहावंसं वाटतं. चौकोनात दोनच शब्द मावतात आणि दोन शब्दांत माणूस खोटं बोलत नाही. दोन-तीन महिन्यांनी मागची पानं उलटून बघशील तेव्हा तुला तुझी चाल दिसेल. आम्ही बाहेरून ‘आता बरी दिसतेस’ म्हणतो त्याला काही अर्थ नसतो. तुझं तुला दिसलं पाहिजे.

आता भाऊजींचं. ते तिकडं गलाईच्या दुकानात, सोनं आटवण्याच्या भट्टीपुढं. आपल्या खानापूर-आटपाडीकडच्या किती घरांचं हेच आहे, कर्ता माणूस मुलखात आणि बाई इथं. तू म्हणतेस त्यांना काही वाटलंच नाही, फोनवर नुसतं ‘जेवलीस का’ विचारतात. अगं, त्यांना दुसरं काय विचारावं हे कुणी शिकवलेलं आहे? तुझ्याजवळ निदान आम्ही येऊन बसलो. त्यांच्याजवळ त्या शहरात कुणी बसलं असेल का? दुकानात बाप होणार म्हणून पेढे वाटले होते त्यांनी, नंतर काय सांगितलं असेल? तर एक कर. मेथी उगवली की फोटो पाठव. खाली काही लिहू नकोस. रात्री ते विचारतील, हे काय गं? मग मेथीचंच बोला. किती आली, पाणी कोण घालतं, चिमण्यांना काय करतेस. ज्या दोघांना एका दुःखावर थेट बोलता येत नाही, त्यांना आधी बोलायला काहीतरी तिसरं लागतं. पंधरा दिवस मेथीवर बोललात की एक दिवस दुसरंही निघेल. दिवाळीला आले की शेवग्याला आळं त्यांच्याकडून करून घे. त्यांच्याही हाताला माती लागू दे.

आणि आता जे सांगते ते सगळ्यांत महत्त्वाचं, इथं माझी परड्याची गोष्ट संपते. खुरप्यानं सगळं निघत नाही. झोप येतच नसेल, चार घासही जात नसतील, आपण नसलेलं बरं असा विचार एकदा जरी डोक्यात आला असेल, तर मेथीची वाट बघायची नाही. त्याच दिवशी मला फोन करायचा, रात्री दोन वाजता असला तरी. माझा लागला नाही तर १४४१६ लावायचा, सरकारची ‘टेली-मानस’ आहे, दिवसरात्र चालू असते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. आणि डॉक्टरांना ‘मन ठीक नाही’ असं याच शब्दांत सांगायचं. अशक्तपणा आहे, चक्कर येते, असं आडून नको. मनाच्या दुखण्याला गोळ्या असतात, समुपदेशन असतं, त्यात लाज कसली? डाळिंबाला तेल्या आला तर आपण फवारणीला धावतोच ना.

तुला वाटेल, ताई एवढं बोलली पण कधी बरं वाटेल ते सांगितलंच नाही. ते मला सांगता येणार नाही, आणि जो तारीख सांगेल त्याचं ऐकू नकोस. स्वतंत्रपूरच्या त्या पहिल्या माणसांनाही कुणी तारीख दिली नसेल. उजाडलं की कामाला लागायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

खताचं मी बघते. आमच्या रानात धनगरांच्या मेंढ्या बसल्या होत्या, लेंड्यांचा ढीग जुना होऊन मुरलाय. ताजं घालू नकोस, उष्ण पडतं, मुळं जळतात. एक गोणी बांधून ठेवलीय. शनिवारी धाकट्या दिराला गाडीवर पाठव, आणि येताना त्याच्याबरोबर एक रिकामा डबा दे, मेथीचे दाणे घरचेच आहेत. गोणी त्यालाच परड्यापर्यंत नेऊ दे. तू हात लावायचा नाहीस, सांगून ठेवते.